असरचा आकडा आणि आपला तिसरीचा वर्ग

28 जानेवारी 2025 रोजी असरचा 2024 चा अहवाल आला आणि त्यातला एक आकडा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागला. ग्रामीण भारतात सरकारी शाळांत तिसरीला असलेल्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते, असं तो आकडा सांगतो. त्याच तक्त्यात आणखी दोन आकडे आहेत. 2018 मध्ये हे प्रमाण 20.9 टक्के होतं आणि शाळा बंद राहिल्यानंतर, 2022 मध्ये, ते 16.3 टक्क्यांवर घसरलं होतं. घसरण भरून काढून सरकारी शाळा आधीच्याही थोड्या पुढे गेल्या, हेही त्या अहवालात आहे. तरी चारातल्या तीन मुलांना अजून साधी गोष्ट वाचता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि शिक्षकाने दोन्ही एकदम मनात ठेवायला हव्यात.

अशी बातमी आली की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. कोणी आकडाच खोटा ठरवतं, तर कोणी घाईघाईने एखादा नवा उपक्रम जाहीर करतं. दोन्हींत आपला स्वतःचा वर्ग बाजूला राहतो. म्हणून या लेखात बातमी, संशोधन आणि साहित्य यांचा क्रम लावायचा प्रयत्न केला आहे. आज बहुतेक शाळांत हा क्रम उलटा आहे. आधी पीडीएफ किंवा व्हिडिओ हाती येतो, मग तो कुठे वापरायचा याचा विचार सुरू होतो. आधी आपली मुलं कुठे अडली आहेत ते बघावं, मग त्या अडचणीविषयी संशोधन काय म्हणतं ते वाचावं आणि साहित्य सगळ्यात शेवटी निवडावं.

असर हे शाळेचं मूल्यमापन नाही. 'प्रथम'ने 2005 मध्ये सुरू केलेली ही पाहणी घरोघरी जाऊन होते आणि फक्त ग्रामीण भागात होते. प्रत्येक जिल्ह्यातली 30 गावं आणि प्रत्येक गावातली 20 घरं चिठ्ठीने निवडावीत तशी निवडली जातात. त्या घरातलं मूल सरकारी शाळेत जातं की खाजगी, की शाळेतच जात नाही, हे नंतर बघितलं जातं. एवढ्या घरांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो. तुमच्या गावच्या शाळेबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये झालेलं 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' वेगळं आहे. ते शाळेत, तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचं झालं. एकाचे आकडे दुसऱ्याशेजारी ठेवून कोण खरं, कोण खोटं असा वाद घालण्यात अर्थ नाही, कारण दोघांनी वेगळ्या मुलांना वेगळ्या ठिकाणी वेगळं विचारलं आहे.

असरमधली सगळ्यात कामाची वस्तू मात्र आकडा नाही. ती आहे एक साधा कागद. त्यावर काही सुटी अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचे छोटे परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मराठीतला कागद असरच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. तो छापून घ्या, नाहीतर तशाच धर्तीचा स्वतः लिहा. फक्त मजकूर पाठ्यपुस्तकातला नको. मुलाला वर्गाबाहेर व्हरांड्यात, एकट्याला, शेजारी बसवा. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो सहज वाचला, दोन-तीनच चुका झाल्या, तर गोष्ट द्यायची. अडखळला तर शब्दांकडे यायचं. कोणतेही पाच शब्द त्यालाच निवडू द्यायचे. चार बरोबर आले तर तो शब्दांच्या पातळीवर. तेही जमलं नाही तर तशीच पाच अक्षरं. एका मुलाला चार-पाच मिनिटं पुरतात. तीस-पस्तीसचा पट असेल तर रोज सहा-सात मुलं घेऊन आठवड्यात वर्ग होतो, आणि द्विशिक्षकी शाळेतसुद्धा हे जमतं, कारण बाकीची मुलं तेवढा वेळ चित्रवाचन किंवा गणिताचं लेखी काम करू शकतात.

वहीत पातळी लिहून थांबू नका. शेजारी एक रिकामा रकाना ठेवा आणि मूल नेमकं काय म्हणालं ते त्यात जसंच्या तसं लिहा. खरी माहिती या रकान्यात जमते.

उदाहरणार्थ, एक मुलगी पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा वाचते. बोटही शब्दांवरून सरकत असतं. त्याच धड्यातला एक शब्द कागदाच्या फटीतून वेगळा दाखवला, "बाळा, हा कुठला गं?" असं विचारलं, की ती वर बघते, ओठ हलवून सुरुवातीपासून सगळं वाक्य म्हणते आणि त्या शब्दापाशी येऊन थांबते. तिचा धडा पाठ आहे. परीक्षेत ती पास होते, एकसुरात चालणाऱ्या सामुदायिक वाचनात तिचा आवाज सगळ्यात मोठा असतो, आणि म्हणून चौथीपर्यंत तिची अडचण कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या मुलाचं वेगळंच असतं. समोर 'मासा' शब्द आहे. तो म्हणतो, "म ला काना मा, स ला काना सा," आणि थांबतो. "मग काय झालं?" "म ला काना मा, स ला काना सा, बाई." त्याला अक्षर येतं, काना कळतो, दोन्ही एकत्र करून तोंडाने शब्द उच्चारायचा असतो हेच त्याला कोणी करून दाखवलेलं नाही. त्याला पुन्हा बाराखडी लिहायला लावून उपयोग नाही, बाराखडी त्याला येतेच आहे. त्याला हवा आहे आवाज जोडण्याचा सराव: "मा" लांबवत न्यायचा आणि न थांबता "सा"वर उतरायचं, आधी शिक्षकाने, मग दोघांनी मिळून, मग त्याने एकट्याने.

तिसरं मूल सगळं नीट वाचतं, पण "गोष्टीत काय झालं?" म्हटलं की गप्प बसतं. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारकडे भिली, पालघरला वारली घरात बोलली जाते. तिथे हे फार दिसतं, पण शहरातही दिसतं. या मुलाची अडचण लिपीची नाही. त्याला गोष्टीतले शब्दच ओळखीचे नाहीत. त्याला वाचायला देण्याआधी गोष्ट सांगायला हवी, चित्रांवर बोलायला हवं, त्याच्या घरातला शब्द फळ्यावर मराठी शब्दाशेजारी मानाने लिहायला हवा.

ही तिन्ही मुलं अहवालात एकाच रकान्यात जातात. 'गोष्ट वाचता येत नाही.' एकाच 'उपचारात्मक वर्गा'त तिघांना एकत्र बसवून तोच धडा पुन्हा घेतला, तर तिघांपैकी कोणाचंच भलं होत नाही.

आता संशोधन. भारतीय लिप्यांमधलं वाचन इंग्रजीपेक्षा वेगळ्या गतीने येतं, यावर आपल्याकडे चांगलं काम झालं आहे. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या 2007 च्या अभ्यासात दिसलं की अक्षरांचा संपूर्ण संच हाती यायला मुलांना अनेक वर्षं लागतात, चौथीपर्यंतही ते शिकणं चालू असतं. मराठीला हे तंतोतंत लागू पडतं. 34 व्यंजनं आणि बाराखडी एवढंच धरलं तरी चारशेच्या वर रूपं होतात, वर जोडाक्षरं. म्हणून दिवाळीपूर्वी मुळाक्षरं आणि पहिलीअखेर बाराखडी 'पूर्ण' करण्याची धडपड मुलांना थकवते आणि हाती फार लागत नाही. त्यापेक्षा पाच अक्षरं आणि एक काना घ्या. म, क, न, र, घ. एवढ्यात घर, मका, नाक, कान, मान, काम, रान, घार, कमान असे कितीतरी खरे शब्द होतात. मुलाला पहिल्या महिन्यातच कळतं की या खुणांतून अर्थ निघतो. नंतरचे अक्षरगट त्याच पद्धतीने एकेक वाढवत न्यायचे.

पालघर जिल्ह्यातल्या मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातल्या कन्नड शाळांमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांचा सलग पाठपुरावा करणारा 'लिटरसी रिसर्च इन इंडियन लँग्वेजेस' हा अभ्यास प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने शोधून वाचावा, असं मला मनापासून वाटतं. त्याचा अहवाल 2017 चा आहे. वर्गात वेळ कशात जातो याचं त्यातलं वर्णन वाचताना आपलाच वर्ग दिसतो: फळ्यावरचं उतरवून घेणं, सुरात म्हणणं, अक्षरं गिरवणं. अर्थावर बोलायला आणि स्वतःच्या मनातलं लिहायला वेळ फारच थोडा उरतो. ही शिक्षकांवरची टीका म्हणून वाचू नये. वाचन म्हणजे आधी सगळी अक्षरं आणि अर्थ त्यानंतर, अशी जी समजूत आपल्या प्रशिक्षणातूनच आली, तिचा हा परिणाम आहे.

मुलांचे पातळीनुसार गट करावेत का, हा प्रश्न शिक्षण परिषदेत हमखास निघतो. यावर मुंबई आणि वडोदऱ्यात झालेला एक मोठा प्रयोग आहे. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्तेर दुफ्लो आणि ली लिंडन यांनी तो 2007 मध्ये प्रसिद्ध केला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी, 'बालसखी', रोज दोन तास वेगळं बसवून त्यांच्या पातळीचं वाचन आणि गणित घेत असे. एका गटात पंधरा-वीस मुलं. त्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. बातम्यांत साधारण एवढंच येतं. पण मूळ लेखात आणखी दोन गोष्टी आहेत आणि आपल्यासाठी त्या जास्त मोलाच्या आहेत. ही मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला होता, तरी मागे राहिलेल्या मुलांना त्याचा काही दखल घेण्याजोगा फायदा झाला नाही. म्हणजे फरक पडला तो पातळीप्रमाणे शिकवल्याने, नुसती संख्या घटल्याने पडला नाही. आणि प्रयोग संपल्यावर एका वर्षाने तपासलं तेव्हा मिळवलेली बरीचशी प्रगती ओसरली होती. थोडी टिकली होती.

या दुसऱ्या निष्कर्षावर थांबून विचार करा. गट करून दोन महिने मेहनत घेतली, मूल 'परिच्छेदा'वर आलं, गट मोडला, आणि पुन्हा त्याला वर्गाच्या पुस्तकामागे पळवायला लागलो, तर तेच होईल. म्हणून गट दिवसातला तासभरच असावेत, दर महिन्याला बदलावेत, आणि मूल वर सरकलं तरी त्याच्या हाती रोज वाचायला सोपं काहीतरी राहावं. गटांना 'हुशार', 'कच्चा' अशी नावं कधीही देऊ नका. बाकीचा दिवस सगळी मुलं मिसळून बसू द्या. परिपाठ, गाणी, परिसर अभ्यास, खेळ यांत पातळीचा संबंधच येत नाही.

कोणतंही संशोधन वाचताना याच पद्धतीने वाचायचं. प्रयोग कुठे आणि कोणत्या वयाच्या मुलांवर झाला, तुलना कोणाशी केली, शिकवणारं कोण होतं, आणि किती दिवसांनी पुन्हा तपासलं, एवढं शोधलं तरी बातमीतला निम्मा फुगवटा उतरतो. लेखाचा गोषवारा बहुधा मोफत वाचता येतो आणि तेवढ्यातही यातली बरीच उत्तरं मिळतात.

एक गोष्ट तर आपल्या प्रशिक्षणांतून काढूनच टाकायला हवी. 'वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20 टक्के, पाहिलेलं 30 टक्के लक्षात राहतं' असा त्रिकोण वर्षानुवर्षं सादरीकरणांत दाखवला जातो आणि एडगर डेल यांच्या नावावर खपवला जातो. डेल यांनी 1946 च्या पुस्तकात अनुभवांचा शंकू काढला होता हे खरं. त्यात टक्केवारी कुठेही नव्हती, ती नंतर कोणीतरी चिकटवली. तसंच 'हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं' या वर्गवारीचं. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा अशा शैलीनुसार शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. मुलांवर असे शिक्के मारण्यात वेळ घालवू नका.

याउलट, चौथीपासून पुढच्या वर्गांसाठी भक्कम पुरावा असलेली एक गोष्ट फुकट उपलब्ध आहे: मुलांना आठवायला लावणं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्याने चित्र पालटलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात 56 टक्के मजकूर राहिला, पुन्हा वाचणाऱ्यांच्या 42 टक्के. शाळेतल्या मुलांना कोरा कागद देऊन 'आठवा' म्हटल्याने भागत नाही, त्यांना धागा लागतो. म्हणून परिपाठ संपला की वही-पुस्तक बंद, पाटी हातात, आणि तीन प्रश्न: एक कालच्या पाठावर, एक गेल्या आठवड्यातल्या, एक महिन्यापूर्वीच्या. उत्तर सगळ्यांनी एकदम पाटीवर लिहून वर धरायचं. एका नजरेत कळतं कोणाला काय आठवलं. याला गुण देऊ नका, नोंदवहीत चढवू नका. गुण आले की मुलं शेजारच्या पाटीकडे बघायला लागतात आणि सगळा हेतू वाया जातो.

आता साहित्य. एव्हाना तुम्हाला माहीत असतं की नेमकं काय हवं आहे, त्यामुळे शोधणं सोपं होतं.

आवाज जोडायला शिकणाऱ्या आणि नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' सगळ्यात उपयोगी आहे. तिथे मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, उतरवून घेता येतात, आणि परवाना खुला असल्याने लेखक-चित्रकारांची नावं ठेवून झेरॉक्स काढायलाही हरकत नाही. पण पातळीच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. भाषांतरित गोष्टीत पहिल्या पातळीलाही 'प्रत्येक', 'स्वच्छ' असे शब्द येऊ शकतात. आधी स्वतः वाचा, तुमच्या मुलांना आलेली अक्षरं डोळ्यांसमोर ठेवा, मग निवडा. त्या मंचावर आपणही गोष्ट लिहू शकतो, दुसऱ्या भाषेत नेऊ शकतो. घरी कोरकू किंवा वारली बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षकांसाठी तर ही फार मोठी सोय आहे: गावातल्या आजीकडून गोष्ट ऐकायची, मुलांकडून चित्रं काढून घ्यायची आणि दोन्ही भाषांत समोरासमोर छापायची.

सहज वाचणाऱ्या मुलांना पुढे काय द्यायचं, हा प्रश्न शाळांत कमी विचारला जातो आणि ती मुलं कंटाळतात. त्यांच्यासाठी बालभारतीचं 'किशोर' आहे. 1971 पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. शाळेत इंटरनेट नसेल तर घरून दोन-चार पानं छापून आणा आणि पुठ्ठ्यावर चिकटवा. एकेक पान सुटं हातात मिळालं की मुलं जास्त वाचतात. सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर आहेतच. वरच्या वर्गातल्या मुलाला खालच्या इयत्तेचं पुस्तक द्यायचं असेल तर त्यातला पाठ छापून, वरचं इयत्तेचं नाव काढून द्या. त्याचा मान राखला जातो.

विज्ञान-गणितासाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तकं आणि खेळणी आहेत, मराठीतही भरपूर. सुरुवात काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीपासून करा. नळीचे छोटे तुकडे सांध्याला लावून मुलांना आधी चौकोन करायला सांगा. बोटाने दाबला की तो तिरका होतो. मग त्रिकोण. तो दाबून बघा, हलत नाही. छपराच्या कैचीत आणि विजेच्या मनोऱ्यात त्रिकोणच का असतात, हे मुलं स्वतःच विचारतात.

शिक्षकाने स्वतःसाठी वाचायला पुण्याहून निघणारं 'शैक्षणिक संदर्भ' आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं 'जीवन शिक्षण' आहे. महिन्याला एकच लेख वाचा, पण दोघा-तिघा सहकाऱ्यांनी मिळून वाचा आणि त्यातलं एक काहीतरी पंधरा दिवस वर्गात करून बघा.

वेगाविषयी एक सावधगिरी. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर अपरिचित मजकूर मिनिटाला किमान 60 शब्द, अर्थासह, वाचता यावा अशी अपेक्षा आहे. यातला 'अर्थासह' हा शब्द तपासणीच्या घाईत गळून पडतो. शिवाय मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, शब्द लांबतात. म्हणूनच एनसीईआरटीने 2022 च्या पायाभूत अध्ययन पाहणीत प्रत्येक भाषेसाठी वाचनाचे निकष वेगळे ठरवले. घड्याळ जरूर लावा, पण मुलाला ते दिसू देऊ नका, आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारल्याशिवाय आकडा लिहू नका.

महिन्याने तोच कागद, वेगळ्या मजकुराचा, घेऊन पुन्हा व्हरांड्यात बसा. ज्या मुलाची पातळी हलली नाही त्याच्या रकान्यात मागच्या वेळचे शब्द वाचा. पुढच्या शिक्षण परिषदेला जाताना ही वही बरोबर न्या आणि केंद्रप्रमुखांना सांगा, "सर, माझ्या वर्गात सहा मुलं आवाज जोडण्यापाशी अडली आहेत, कोणाकडे याचं काही चालतंय का?" शेजारच्या शाळेतल्या बाईंनी त्यावर काहीतरी करून बघितलेलं असण्याची शक्यता बरीच असते.